कणसीमा आणि अगंज पोलादाचे क्षरण : एका रूढ विधानाची चिकित्सा

सारांश

‘कणसीमा हा धातूतील दुबळा भाग असल्याने अगंज पोलादाचे क्षरण तेथून सुरू होते’ हे विधान पदवी स्तरावरील अध्यापनात सर्रास केले जाते. प्रस्तुत निबंधात या विधानाची चिकित्सा केली आहे. क्रोमियम-न्यूनतेचा सिद्धान्त, त्यास पर्याय म्हणून पुढे आलेल्या उपपत्ती, कणसीमांच्या प्रकारांविषयीचे १९८४ नंतरचे संशोधन, प्रमाणित चाचण्या आणि अणुभट्ट्यांतील अनुभव यांच्या आधारे असे दाखविण्याचा प्रयत्न आहे की, कणसीमा स्वतः क्षरणाचे कारण नसून क्षरणास अनुकूल रासायनिक बदल जेथे घडू शकतात असे ते स्थान आहे. स्थान आणि कारण यांतील हा भेद पुसला गेल्यास उपाययोजना आणि चाचणीचा निर्णय दोन्ही चुकतात.

बीजसंज्ञा : कणसीमा, अगंज पोलाद, आंतरकणीय क्षरण, संवेदनीकरण, क्रोमियम-न्यूनता.

१. प्रस्तावना

व्यवहारात ‘स्टेनलेस स्टील’ या नावाने ओळखले जाणारे अगंज पोलाद हे दुग्धालयातील टाक्यांपासून अणुभट्टीतील नळ्यांपर्यंत सर्वत्र वापरले जाते. त्याचे अगंजत्व क्रोमियम या मूलद्रव्यावर अवलंबून असते. लोहात विरघळलेल्या क्रोमियमचे प्रमाण सुमारे ११ ते १२ टक्क्यांच्या वर असल्यास पृष्ठभागावर क्रोमियमयुक्त ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर आपोआप तयार होतो व ओरखडा पडल्यास तो पुन्हा भरून येतो. या अवस्थेस निष्क्रियता म्हणतात. सर्वाधिक प्रचलित असलेल्या ३०४ या प्रकारात क्रोमियम १८ ते २० टक्के असते. म्हणजे आवश्यकतेपेक्षा बरेच अधिक असते. असे असूनही हेच पोलाद विशिष्ट परिस्थितीत आतून पोखरले जाते. पृष्ठभाग वरवर पाहता ठीक दिसतो, वजनात फारशी घट होत नाही. परंतु पत्रा वाकविला की त्याला भेगा पडतात, ठोकल्यास धातूचा खणखणीत नाद येत नाही आणि पुढच्या अवस्थेत त्याचे कण साखरेप्रमाणे सुटू लागतात. यालाच आंतरकणीय क्षरण असे म्हणतात.

या घटनेचे स्पष्टीकरण देताना वर्गात सामान्यतः एकच वाक्य उच्चारले जाते : कणसीमा दुबळी असते, म्हणून क्षरण तेथे होते. हे वाक्य सोपे आहे, लक्षात राहण्याजोगे आहे आणि अर्धसत्य आहे. त्यातील सत्याचा अंश कोणता व भ्रमाचा अंश कोणता, हे तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२. रूढ विधानातील पहिली उणीव

पोलाद हे असंख्य लहान स्फटिकांचे बनलेले असते. प्रत्येक स्फटिककणात अणूंची मांडणी नियमबद्ध असते. मात्र शेजारच्या कणात त्याच मांडणीची दिशा वेगळी असते. दोन दिशांच्या मांडण्या जेथे एकमेकींस भिडतात ती कणसीमा होय. तेथील अणू पूर्णपणे कोणत्याच बाजूचे नसतात. त्यामुळे त्या पट्ट्याची ऊर्जा अधिक असते, अणूंचे विसरण तेथून जलद होते आणि परकी मूलद्रव्ये तेथे साठण्यास सवड मिळते. एवढ्यापुरते रूढ विधान बरोबर आहे.

परंतु ऊर्जा अधिक असणे हेच जर क्षरणाचे पुरेसे कारण असते, तर प्रत्येक अगंज पोलाद प्रत्येक द्रावणात कणसीमेवरच झिजले असते. प्रत्यक्षात तसे होत नाही. ३०४ पोलाद सुमारे १०५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात झपाट्याने थंड केले असता त्यात कणसीमा तेवढ्याच असतात, तथापि बहुतेक माध्यमांत त्या कणांच्या अंतर्भागाइतक्याच सुरक्षित राहतात. तेच पोलाद सुमारे ६५० अंशांवर काही तास ठेवले की त्याच सीमा खचतात. दोन्ही नमुन्यांत सीमा आहेत. एकात क्षरण आहे, दुसऱ्यात नाही. म्हणजे सीमेचे अस्तित्व हा दोन्हींतील समान घटक असल्याने भेदाचे स्पष्टीकरण त्यातून मिळू शकत नाही. भेद आहे तो उष्णतेच्या इतिहासात.

३. क्रोमियम-न्यूनतेचा सिद्धान्त : बल आणि कसोटी

हा भेद सर्वप्रथम समाधानकारकपणे स्पष्ट करण्याचे श्रेय बेन, अबॉर्न आणि रदरफर्ड यांच्या १९३३ मधील निबंधास दिले जाते. त्यांच्या मांडणीनुसार सुमारे ४२५ ते ८५० अंश सेल्सिअस या टप्प्यात पोलादातील कार्बन कणसीमेवर क्रोमियमशी संयोग पावून कार्बाइड तयार करतो. या कार्बाइडमध्ये क्रोमियमचे २३ अणू व कार्बनचे ६ अणू असे प्रमाण असते. कार्बनचा अणू लहान असल्याने तो दूरवरून सीमेपर्यंत त्वरेने पोहोचतो. क्रोमियमचा अणू मोठा असल्याने तो मात्र सीमेलगतच्या भागातूनच खेचला जातो. परिणामी सीमेच्या दोन्ही बाजूंस क्रोमियमची उणीव असलेला अरुंद पट्टा निर्माण होतो. या प्रक्रियेस संवेदनीकरण ही संज्ञा आहे.

या सिद्धान्ताचे मर्म एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. अणुभार लक्षात घेता या कार्बाइडमधील १ ग्रॅम कार्बन सुमारे १६.६ ग्रॅम क्रोमियम अडकवितो. पोलादात ०.०६ टक्के कार्बन असून तो सर्व कार्बाइडरूपाने बाहेर पडला असे मानले, तरी अडकणारे क्रोमियम एकूण वजनाच्या सुमारे १ टक्काच भरते. हा तोटा संपूर्ण धातूत समप्रमाणात विभागला गेला असता, तर १८ टक्क्यांचे १७ टक्के झाले असते व अगंजत्वास यत्किंचितही बाध आला नसता. तोटा अल्प आहे, पण तो अवघ्या काही दशक ते काही शतक नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्यावर लादला जातो आणि तेथील क्रोमियम १२ टक्क्यांच्या खाली उतरते. तात्पर्य, दोष सरासरी प्रमाणात नसून वाटपात आहे. रासायनिक पृथक्करणाचा दाखला निर्दोष असूनही नळी निकामी होऊ शकते, याचे कारण हेच.

तथापि हा सिद्धान्त निर्विवाद स्वीकारला गेला असे नाही. सीमेवर कार्बाइड दिसते आणि सीमेवरच क्षरण होते, एवढ्या निरीक्षणातून दोन भिन्न निष्कर्ष संभवतात. एक, कार्बाइडने लगतचा भाग दरिद्री केला. दोन, कार्बाइडच क्षरणास प्रवृत्त करते. स्टिकलर आणि व्हिंकियर यांनी १९६१ मध्ये दुसऱ्या बाजूचा पुरस्कार केला. कार्बाइड हे विद्युत्-रासायनिक दृष्टीने अधिक उच्च असल्याने त्याच्या सान्निध्यात लगतचा धातू विरघळतो आणि कार्बाइडची साखळी अखंड असेल तेव्हा क्षरण पुढे सरकत जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या वादाचा निकाल लावणारी कसोटी अतिशय उद्बोधक आहे. संवेदनशील झालेले पोलाद त्याच तापमानावर आणखी दीर्घ काळ ठेवले असता त्याची प्रतिकारशक्ती परत येते. या काळात कार्बाइड नाहीसे होत नाही. ते तेथेच असते, किंबहुना अधिक जाड झालेले असते. कार्बाइड हेच कारण असते तर क्षरण वाढावयास हवे होते. स्टॉस्ट्रॉम आणि हिलर्ट यांनी १९६९ मध्ये सुधारलेल्या न्यूनता-सिद्धान्ताद्वारे दाखविले की, कार्बन संपत आल्यावर कणांच्या अंतर्भागातील क्रोमियम सावकाश सीमेकडे सरकते आणि रिता पट्टा पुन्हा भरून निघतो. पुढे सूक्ष्म पृथक्करण करणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकामुळे हा पट्टा प्रत्यक्ष मोजता आला. हॉल आणि ब्रायंट यांचे १९८४ मधील मापन या संदर्भात उल्लेखनीय आहे. कार्बाइड आहे पण क्षरण नाही, हे एकच निरीक्षण सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील फरक शिकविण्यास पुरेसे आहे.

४. सिद्धान्ताच्या मर्यादा

न्यूनता-सिद्धान्त प्रबळ असला तरी तो सर्वव्यापी मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. उष्ण व तीव्र नायट्रिक आम्लात, विशेषतः त्यात षट्संयुजी क्रोमियमचे आयन असतील तर, संवेदनीकरण मुळीच न झालेले पोलादही कणसीमेवर झिजते. तेथे कार्बाइड नसते आणि क्रोमियमची उणीवही नसते. आर्मिहो यांनी १९६८ मध्ये या प्रकाराचा संबंध फॉस्फरस व सिलिकॉन या मूलद्रव्यांशी जोडला. अत्यल्प प्रमाणातील ही द्रव्ये कणसीमेवर गोळा होतात. अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेत नायट्रिक आम्लाचाच वापर होत असल्याने हा मुद्दा केवळ सैद्धान्तिक राहत नाही. अशा ठिकाणी केवळ कार्बन कमी करून भागत नाही.

फेराइटी अगंज पोलादाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. ऑस्टेनाइटी पोलादास उच्च तापमानावरून झपाट्याने थंड करणे हा उपाय ठरतो. फेराइटी पोलाद मात्र सुमारे ९२५ अंशांच्या वरून पाण्यात थंड केले तरी संवेदनशील होते, आणि नंतर सुमारे ६५० ते ८१५ अंशांच्या टप्प्यात थोडा वेळ तापविल्यास बरे होते. एका जातीस जो उपचार तो दुसरीस अपाय, अशी ही स्थिती आहे. कारण असे की, फेराइटी मांडणीत कार्बन व नायट्रोजन फारच कमी विरघळतात आणि त्यांचे विसरण इतके वेगवान असते की जलद थंडीतही ते सीमेवर येऊन पोहोचतात. दुसरीकडे क्रोमियमचेही विसरण जलद असल्याने रिता पट्टा लवकर भरून निघतो. मूळ तत्त्व एकच, पण वेगांचे गणित बदलल्याने परिणाम उलटा. जो विद्यार्थी ‘कणसीमा दुबळी’ एवढेच शिकला आहे त्यास हा विरोधाभास उलगडणे शक्य नाही.

परिभाषेनेही या गोंधळात भर घातली आहे. ऑस्टेनाइटी पोलादातील या क्षरणास पूर्वापार ‘वेल्ड डिके’, म्हणजे सांध्याची कुजण, असे म्हटले जाते. वस्तुतः कुजतो तो सांधा नव्हे, तर सांध्यापासून काही मिलिमीटर अंतरावरचा, जोडकामाच्या वेळी संवेदनीकरणाच्या तापमानातून गेलेला पट्टा. नाव सांध्याचे असल्याने दोष वेल्डरच्या माथी मारला जातो, आणि अधिक कार्बन असलेले पोलाद निवडणारा मात्र नामानिराळा राहतो.

५. सर्व सीमा सारख्या नसतात

रूढ विधानाची आणखी एक गंभीर उणीव त्यातील अनेकवचनात दडलेली आहे. ‘कणसीमा’ असे सरसकट म्हणताना त्या सर्व एकाच प्रकारच्या आहेत असे गृहीत धरले जाते. जपानमधील तादाओ वातानाबे यांनी १९८४ मध्ये कणसीमांची योजनापूर्वक रचना करण्याची कल्पना मांडली, तेव्हापासून या गृहीतकास तडा गेला. दोन कणांतील दिशाभेदाचे विशिष्ट कोन असे असतात की दोन्ही मांडण्यांतील काही अणुस्थाने एकमेकांशी जुळतात. या जुळणीचे मोजमाप सिग्मा या संख्येने केले जाते. सिग्मा-३ म्हणजे जुळी सीमा. तिचा सुसंगत प्रकार जणू आरशातील प्रतिबिंबासारखा असतो. संवेदनीकरणात कार्बाइड सर्वप्रथम अनियमित सीमांवर येते व सुसंगत जुळ्या सीमेवर अगदी शेवटी. म्हणजे ‘दुबळा भाग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटातच कणाच्या अंतर्भागाइतके चिवट सभासदही आहेत.

येथे २००२ मध्ये ‘अ‍ॅक्टा मटेरियालिया’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले दोन निबंध शेजारी शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. शिमादा, कोकावा आणि सहकाऱ्यांनी ३०४ पोलादास सुमारे ५ टक्के विरूपण देऊन ते १२०० केल्विनवर ७२ तास ठेवले आणि विशेष सीमांचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर नेले. आंतरकणीय क्षरणास होणारा प्रतिकार लक्षणीय वाढला. याच वर्षी भाभा अणुसंशोधन केंद्र आणि मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्याशी संबंधित वासनिक, कैन, समाजदार आणि सहकाऱ्यांनी नेमका उलटा मार्ग चोखाळला. अनियमित सीमांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे वाढविले असताही संवेदनीकरणास प्रतिकार वाढतो, असे त्यांनी दाखविले. विशेष सीमा पुष्कळ असल्यास लाभ, आणि अनियमित सीमा पुष्कळ असल्यासही लाभ !

हे दोन निष्कर्ष वरवर परस्परविरोधी वाटतात. पण विरोध आहे तो ‘सीमा चांगली की वाईट’ या प्रश्नाशी. निष्कर्षांचा परस्परांशी नव्हे. क्षरणास आत शिरण्यासाठी रित्या पट्ट्यांची सलग वाट लागते. पहिल्या मार्गात चिवट सीमांचे अडसर घालून ती वाट तोडली जाते. दुसऱ्या मार्गाचा अर्थ असा लावता येतो की, कार्बनचा मर्यादित साठा असंख्य सारख्या सीमांत वाटला गेल्याने कोणत्याही एका सीमेचे टोकाचे दारिद्र्य टळते. दोन्हींत निर्णायक ठरते ते सीमांचे जाळे व त्या जाळ्यातील वाटप. एकट्या सीमेचा स्वभाव नव्हे.

या संशोधनाकडेही चिकित्सक दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. सिग्मा ही संख्या केवळ दोन कणांतील दिशाभेद सांगते. त्या दोहोंमधील सीमेचे प्रतल कोणते, हे ती सांगत नाही. सीमेचे पूर्ण वर्णन पाच घटकांनी होते आणि सिग्मा त्यांपैकी तिहींवरच बोलते. २००८ मध्ये किंग, मॅरो आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या मर्यादेवर नेमके बोट ठेवले. संवेदनशील पोलादातील प्रत्येक कणाचा त्रिमितीय नकाशा करून त्यातून सरकणारा तडा त्यांनी क्ष-किरणांनी प्रत्यक्ष पाहिला. तड्याला पुलासारख्या आडव्या राहिलेल्या काही सीमा त्यांना आढळल्या. त्यांची भूमिती विशेष होती, परंतु त्या नेहमी वाढविल्या जाणाऱ्या जुळ्या सीमांच्या कुळातील नव्हत्या. शिवाय ७२ तासांची भट्टी प्रयोगशाळेत शक्य असली तरी कारखान्यातील जाड पत्र्यासाठी ती परवडणारी नाही, आणि जोडकामात धातू वितळला की त्या भागातील घडविलेली रचना पुसली जाते. अजूनही व्यवहारातील मुख्य भिस्त ०.०३ टक्क्यांपर्यंत कार्बन असलेल्या ३०४ एल, ३१६ एल यांसारख्या प्रकारांवर किंवा टायटॅनियम व नायोबियम घातलेल्या ३२१ व ३४७ या प्रकारांवर आहे, ती याचमुळे.

६. चाचणी आणि तिचा अर्थ

स्थान व कारण यांतील गल्लत सर्वाधिक महाग पडते ती चाचणीच्या टेबलावर. एएसटीएम ए २६२ या प्रमाणकातील ‘ए’ पद्धतीत नमुना ऑक्झॅलिक आम्लात विद्युत्-प्रवाहाने कोरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पायऱ्यांसारखी, मिश्र व चरांसारखी अशा तीन रचना दिसतात. चर पडतो तो मुख्यतः कार्बाइड विरघळल्यामुळे. म्हणून या चाचणीने नमुना स्वीकारता येतो. केवळ चर दिसले म्हणून तो नाकारता येत नाही, त्याची पुढील चाचणी घ्यावी लागते. प्रमाणकातील ही अट हे वर चर्चिलेल्या कसोटीचेच व्यावहारिक रूप आहे : कार्बाइड असणे म्हणजे क्रोमियमची उणीव असणे नव्हे. ‘सीमा कोरली गेली, म्हणजे पोलाद वाईट’ असे मानणारा परीक्षक चांगला माल भंगारात काढू शकतो.

उलट चूकही संभवते. उकळत्या ६५ टक्के नायट्रिक आम्लात ४८ तासांचे पाच टप्पे घेणारी ह्यूई चाचणी मॉलिब्डेनमयुक्त ३१६ एल प्रकारातील सिग्मा अवस्थेवरही आघात करते. (ही सिग्मा अवस्था म्हणजे वेगळे संयुग, वरील सिग्मा संख्येशी तिचा संबंध नाही.) तेव्हा या चाचणीतील अपयश हा क्रोमियम-न्यूनतेचा पुरावा मानता येत नाही. प्रत्येक चाचणी एक विशिष्ट प्रश्न विचारते. उत्तर वाचण्यापूर्वी तो प्रश्न कोणता होता हे ठाऊक असावयास हवे.

७. अणुभट्टीचा धडा

या चर्चेतील पणाला लागलेली गोष्ट किती मोठी असू शकते, हे १९७४-७५ मधील अमेरिकेतील घटनांवरून दिसते. ड्रेस्डेन-२ या उकळत्या पाण्याच्या अणुभट्टीत ३०४ पोलादाच्या नळ्यांना जोडांनजीक तडे आढळले व १९७५ च्या आरंभी तेथील अणुनियामक आयोगाने अशा २३ अणुभट्ट्या तपासणीसाठी बंद करण्याचा आदेश दिला. नळ्यांत आम्ल नव्हते. सुमारे २८८ अंशांचे अत्यंत शुद्ध पाणी होते. संवेदनशील सीमा, जोडकामातून उरलेला ताण आणि पाण्यातील अत्यल्प ऑक्सिजन या तिहींच्या संगमाने तडे गेले होते. यांपैकी एक जरी दूर केले तरी तडा रोखता येतो, या जाणिवेतून अल्पकार्बन पोलाद, ताण बदलणारे उपचार आणि पाण्यात हायड्रोजन सोडण्याची पद्धत असे तीन स्वतंत्र उपाय विकसित झाले. तारापूर येथे १९६९ मध्ये कार्यान्वित झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही उकळत्या पाण्याच्याच प्रकारातील असल्याने हा प्रश्न महाराष्ट्रास परका नाही.

मात्र अल्पकार्बन पोलादाने प्रश्न कायमचा सुटला असेही झाले नाही. २००० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत जपानमधील अणुभट्ट्यांत ३१६ एल पोलादाच्या भागांनाही कणसीमांवरून जाणारे तडे आढळले. तेथे संवेदनीकरण नव्हते. यंत्रकाम व घासकाम यांमुळे पृष्ठभागाचा थर कठीण झाला होता व तेथून सुरुवात झाली होती. स्थान पुन्हा कणसीमाच. कारण मात्र निराळे.

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) कणसीमा हे क्षरणाचे स्थान आहे, कारण नव्हे. कारण उष्णतेचा इतिहास, साठलेली मूलद्रव्ये, ताण व माध्यम यांच्या संयोगात शोधावे लागते.

(२) क्रोमियम-न्यूनतेचा सिद्धान्त संवेदनशील पोलादापुरता भक्कम आहे. नायट्रिक आम्लातील वा कठीण झालेल्या पृष्ठभागावरील क्षरणास तो जसाच्या तसा लागू करता येत नाही.

(३) सर्व सीमा समान नसतात, आणि सीमांच्या जाळ्याची सलगता ही एकेका सीमेच्या स्वभावाइतकीच महत्त्वाची असते.

(४) अध्यापनात ‘कणसीमा दुबळी असते’ या वाक्याऐवजी ‘या सीमेवर काय साठले, काय हरपले आणि केव्हा’ हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे इष्ट ठरेल. त्यासाठी महागड्या उपकरणाची आवश्यकता नाही. १ ग्रॅम कार्बन १६.६ ग्रॅम क्रोमियम अडकवितो, हा फळ्यावरचा हिशेब आणि कार्बाइड असूनही बऱ्या झालेल्या पोलादाचे उदाहरण एवढ्याने प्रारंभ होऊ शकतो. पुढे कारखान्यात चर पडलेला नमुना हाती आल्यावर तो भंगारात टाकावा की पुढील चाचणीस पाठवावा, याचा निर्णय त्याच विद्यार्थ्यास घ्यावयाचा असतो.